तेवीस दिवसांची दाढी

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास अण्णांनी दाढीचं नवंकोरं मशीन खिडकीतून खाली भिरकावलं, आणि दोन दिवस सगळे ज्या भांडणाला बगल देत होते ते एकदाचं सुरू झालं.

"तिसरा मजला आहे," थोरला मुलगा खिडकीतून वाकून बघत म्हणाला. मशीन त्यानंच आणलं होतं. "खाली कुणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?"

"पडलं नाही ना," मधली बहीण म्हणाली.

"तू त्यांची बाजू घेणारच."

"डाव्या हातानं फेकलं पण," धाकटी म्हणाली. तिचं औषधांचं दुकान होतं आणि घरात काहीही झालं तरी ती आधी तब्येतीचा भाग बघायची. "काय ताकद आलीये हाताला!"

अण्णा खुर्चीत समोर बघत बसले होते, जणू मशीन दुसऱ्याच कुणीतरी फेकलं होतं. तेवीस दिवसांपूर्वी एका सकाळी त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि ओठांचा उजवा कोपरा एकदमच गेला होता. पाय थोडाफार परत आला. शब्द आले ते पार विस्कटून. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याची एक वेलांटी चुकलेली दिसली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. आता त्यांच्याच तोंडून भलते शब्द यायचे. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे. 'नको' म्हणत म्हणत चमच्यासाठी तोंड उघडायचे. कधीकधी मात्र अगदी बरोबर बोलायचे, आणि सगळ्यांची पंचाईत व्हायची ती त्यामुळेच.

या तेवीस दिवसांत आईंखेरीज कुणालाही त्यांनी अंगाला हात लावू दिला नव्हता. चेहऱ्याला तर आईंनाही नाही. रोज सकाळी सहाला दाढी उरकणारा हा माणूस आता पांढऱ्या खुंटांच्या जंगलातून जगाकडे बघत होता.

"चार वाजता केंद्रातल्या बाई येणार आहेत," थोरला म्हणाला. तो रस्त्यांची मोजणी करायचा, दुसऱ्या गावी राहायचा, आणि फोनवरच चौकशी करकरून त्यानं हे शुश्रूषा केंद्र शोधलं होतं. "त्या बघणार, की घरी यांची नीट निगा राहतेय का, हे कुणाला हात लावू देतात का. आणि ही दाढी बघून त्या काय समजायचं ते समजतील. मी काही बोलायचीसुद्धा गरज नाही."

"म्हणजे तुला दाढी तशीच राहायला हवीय."

"मी मशीन आणलं मधले! मी!"

"खिडकीबाहेर जाईल असंच आणलंस."

"ताई, हे जरा जास्त होतंय," धाकटी म्हणाली. काल रात्रीपर्यंत ती मधलीच्या बाजूनं होती. सकाळी चहाच्या वेळी थोरल्याशेजारी बसली, आणि तेव्हापासून तिचं काही सांगता येत नव्हतं.

मधलीचं म्हणणं साधं होतं. आपलं घर दोन गल्ल्या सोडून आहे, दिवसाला एक माणूस ठेवू, अण्णा इथंच, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर राहतील. त्यांना परक्या माणसांत नेऊन ठेवायचं हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

तेवढ्यात अण्णांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. आई उठल्या आणि न विचारता खालच्या खणातून एक लांबट डबी आणि चामड्याचा पट्टा घेऊन आल्या. डबीत वस्तरा होता. अण्णांच्या वडिलांचा, काळ्या मुठीचा, घडी घालून मुठीत मिटणारा.

"अजिबात नाही," थोरला म्हणाला.

अण्णांचं बोट वर उचललं गेलं. ते थोरल्यावरून सरकलं, धाकटीवरून सरकलं, मधलीवर क्षणभर रेंगाळलं, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर उकडलेलं अंडं सोलत बसलेल्या जावयावर येऊन थांबलं.

"माझ्याकडे?" जावई म्हणाला. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

घरात त्याला भिंगवाला म्हणत. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि भिंगं तो स्वतः घासायचा. एकवीस वर्षांपूर्वी मधलीनं लग्नाचं सांगितलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले होते, "कोण, तो भिंगवाला?" आणि ते नाव चिकटलं. त्यानंतर सासऱ्या-जावयाचं जे काही बोलणं झालं ते चष्म्यापुरतंच. नंबर वाढलाय. वाढलाय. फ्रेम घट्ट होतेय. सैल करतो. सणसणीत वाद नाही, जिव्हाळाही नाही. भिंगवाल्याला त्याची सवय झाली होती आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंही वाटत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला छातीपर्यंत दाढी होती. अठराव्या वर्षापासून त्यानं गालाला पातं म्हणून लावलं नव्हतं.

"ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणतायत," तो म्हणाला. "शब्द जसे उलटे होतात तसं बोटही..."

"बोट कसं उलटं होईल, भाऊजी?" धाकटी म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. मग स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं, ते 'नाही नाही' असं हलवलं, आणि जावयाच्या दाढीकडे रोखलं. "आधी," ते म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला.

"आधी काय?"

आईंना कळलं. "आधी स्वतःवर शिका म्हणतायत," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय त्यांच्या गालाला हात लावायचा नाही."

मधली नवऱ्याकडे बघत होती. एकवीस वर्षांत तिनं त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि आत्ताही मागत नव्हती, फक्त बघत होती. त्यापुढे त्याची मात्रा चालणार नव्हती.

"कात्री आहे का?" भिंगवाला म्हणाला.

*

न्हाणीघराच्या दाराशी अण्णांची खुर्ची आणली गेली. आरशापुढे भिंगवाला, उंबऱ्यावर अण्णा, त्यांच्यामागे बाकी सगळे. कात्रीनं दाढी कापायला दहा मिनिटं लागली, आणि बेसिनमध्ये पडलेला तो ढीग बघून त्याला एखादं पाळीव जनावर गेल्यासारखं वाटलं.

मग अण्णांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. पट्टा दाराच्या आकड्याला अडकवायचा, ताणून धरायचा आणि वस्तऱ्याचं पातं त्यावर फिरवायचं, म्हणजे धार जागी होते. एवढं भिंगवाल्याला ठाऊक होतं. काच घासण्यात त्याची हयात गेली होती, तेव्हा धारेचं आपल्याला कुणी काय सांगायचं, असाही एक सूक्ष्म ताठा मनात होता. त्यानं पातं पट्ट्यावर आडवं ठेवलं आणि पुढे सारलं.

खस्सकन आवाज झाला. पातं चामड्यात शिरलं आणि वीतभर कापत गेलं.

पट्ट्याची एक फाक लोंबत राहिली.

"आजोबांचा पट्टा होता तो," थोरला हळूच म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "साठ वर्षं टिकला होता! धार पुढे ठेवून कोण घासतं? पाठ पुढे ठेवायची असते, पाठ! एवढं तर..."

"तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस?" मधली म्हणाली.

"मला वाटलं यांना माहीत असेल! काचेचं काम करतात!"

"काचेत धार पुढेच..." भिंगवाला पुटपुटला. अण्णांकडे बघायची त्याची हिंमत होईना.

तेव्हा खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग घशात पाणी अडकल्यासारखा. धाकटी घाबरून पुढे धावली. पण अण्णा हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, डावीकडचं, त्यामुळे ते हसू थोडं खवचट दिसत होतं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी थांबेनात. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते.

आईंनी पदराआड तोंड लपवलं. त्या हसत होत्या का रडत होत्या, भिंगवाल्याला कळलं नाही.

पट्ट्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर काम भागलं. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पातं पाठीवरून पलटायचं आणि परत. साठ वेळा. अण्णा बोटांनी मोजत होते.

*

आता सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. धाकटीनं मोबाइल काढला. "पातं तीस अंशात धरायचं म्हणे, भाऊजी. आणि गरम पाण्याचा टॉवेल आधी."

"पंचेचाळीस," थोरला म्हणाला. "मी अण्णांना हजारदा बघितलंय."

"इथं तीस लिहिलंय, दादा."

"लिहिणाऱ्यानं कधी वस्तरा धरला होता का?"

"तुमचे सासरे तर जवळजवळ आडवंच ठेवायचे," आई म्हणाल्या.

"पण किती आडवं, आई?"

"ते काय मोजलंय मी!"

भिंगवाल्यानं गरम टॉवेल चेहऱ्यावर दाबून धरला. टॉवेलच्या आत दोन मिनिटं तरी कुणी दिसत नव्हतं, ते बरं होतं. मग ब्रशनं फेस. मग वस्तरा. तीन बोटं पात्याच्या मानेवर, अंगठा खाली, करंगळी मागच्या शेपटीवर. अशी अण्णांनी त्याची बोटं एकेक करून धरून बसवली, डाव्या हातानं, न बोलता. सासऱ्यांचा हात आपल्या हाताला लागल्याचं त्याला आठवेना. लग्नातही नमस्कारावरच भागलं होतं.

दुसऱ्या हातानं कानाजवळची कातडी वर ओढून ताणायची, आणि पातं वरून खाली. निदान त्याची तशी समजूत होती.

"वर!" अण्णा म्हणाले.

त्यानं पातं वर वळवलं. झिणझिण्या आल्यासारखं झालं आणि फेसात एक लाल रेघ उमटली.

"वर! वर!" अण्णा वैतागले होते, आणि हात मात्र खाली, खाली असा हलवत होते.

"अहो, 'वर' म्हणजे खाली!" मधली ओरडली. "उलटं बोलतायत ते!"

बरं. वर म्हणजे खाली. त्यानं तुरटीचा खडा दाबला, चुरचुर सोसली आणि पातं खाली नेलं. छोटा छोटा हात, बोटभर. खुंटांचा बारीक खरखर आवाज येत होता, सुक्या पानावरून नख ओढल्यासारखा. मागे गुळगुळीत कातडी उघडी पडत होती, अठराव्या वर्षानंतर पहिल्यांदाच. त्याला जरा धीर आला.

जबड्याच्या वळणाशी अण्णा म्हणाले, "खाली."

खाली म्हणजे वर, असा हिशेब करून त्यानं पातं वर घेतलं. दुसरी रेघ उमटली, पहिलीपेक्षा लांब.

"या वेळी खाली म्हणजे खालीच होतं," थोरला म्हणाला.

"हे कसं ओळखायचं?" भिंगवाला कळवळून म्हणाला. त्यानं आरशात पाहिलं. आरशात एक अनोळखी माणूस होता, अर्धा गोरा, अर्धा फेसाळ, दोन ठिकाणी रक्ताळलेला, आणि पार गोंधळलेला. डावीकडचं उजवीकडे दिसत होतं. वस्तरा आपल्याकडे येतोय का लांब जातोय तेही धड कळेना. दिवसाला चाळीस माणसांना 'हे स्पष्ट दिसतंय का ते?' असं विचारणारा तो, आणि आज त्यालाच काही स्पष्ट दिसत नव्हतं.

अण्णांनी मग बोलणं सोडून दिलं. जावयाला खूण करून त्यांनी खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसवलं, त्याचं मनगट डाव्या हातात पकडलं आणि हलवायला लागले. कातडी सैल सुटली की मनगट दाबायचे. पातं उभं झालं की पिरगळून आडवं करायचे. भिंगवाल्यानं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्याला तो कोन कळला. तीस होता का वीस, देव जाणे, पण पातं आपोआप सरकलं आणि ती खरखर पुन्हा ऐकू आली. आवाज आला की बरोबर. आवाज बंद पडला की काहीतरी चुकतंय, थांबायचं.

वरचा ओठ आणि हनुवटी सगळ्यात शेवटी. ओठ दातांवर ताणून, श्वास धरून. हनुवटीवर तिसरी रेघ. पाऊण वाजता तो उठून उभा राहिला तेव्हा गुडघे आखडले होते आणि चेहऱ्यावर तुरटीचे पांढरे डाग होते.

मधली दारातच होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग नजर वळवली, मग पुन्हा पाहिलं.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. "मुलीला फोटो पाठवते. तिला वाटेल मी दुसरं लग्न केलं."

*

अण्णांची दाढी दोन वाजता सुरू झाली. या वेळी भिंगवाल्यानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. एकवीस वर्षांत या घरात त्यानं कुणाला पहिल्यांदाच काही सांगितलं असेल, आणि आश्चर्य म्हणजे सगळे गेले. गरम पाण्याचं भांडं धरायला मधली तेवढी थांबली.

स्वतःच्या गालावर शिकलेलं सासऱ्यांच्या गालावर निम्मंच उपयोगी पडलं. म्हाताऱ्याची कातडी सैल होती, ताणावी तेवढी ताणली जायची. उजवी बाजू निर्जीवच होती. तिथं लागलं तरी अण्णांना कळणार नव्हतं, म्हणून तिथं त्यानं श्वासही जपून घेतला. डाव्या बाजूला मात्र वेगळीच गोष्ट त्याच्या लक्षात आली. डावा तळवा गालावर टेकवून तो कातडी ताणत होता, आणि पातं चुकीच्या बाजूनं न्यायला लागला की तळव्याखाली जबडा गाठीसारखा घट्ट व्हायचा. बरोबर नेलं की सुटायचा.

"वर," अण्णा म्हणाले. जबडा सैल होता. त्यानं पातं वर नेलं. बरोबर.

"वर," ते पुन्हा म्हणाले. आता जबडा आवळलेला. तो थांबला, खाली आला. जबडा सुटला.

"कसं ओळखलंत?" मधली कुजबुजली.

"माहीत नाही. हाताला कळतंय."

"नक्की?"

"नक्की असं काहीच नाही गं."

तासाभरानं अण्णांचा चेहरा बाहेर आला. तो आजारापूर्वीचा नव्हता, तोंडाचा कोपरा लोंबत होता, गाल आत गेले होते, पण माणूस ओळखू येत होता. एकही जखम नाही. मधलीनं ओला टॉवेल बापाच्या मानेवरून फिरवला. तिला अडवण्यासाठी अण्णांनी हात उचलला नाही. हे दोघांच्याही लक्षात आलं.

*

केंद्रातल्या बाई चार म्हणता चारला आल्या. पन्नाशीच्या, सपाट चपला, हातात फाइल. त्यांनी चहा घेतला, खोली बघितली, खाट बघितली, न्हाणीघरात डोकावल्या. अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "छान दाढी केलीय. कुणी?"

"यांनी," मधली अभिमानानं म्हणाली. "मेहनतीनं शिकून. तुम्ही बघताच आहात, घरी सगळं नीट होऊ शकतं."

थोरल्यानं बाईंचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. खरं तर बाप गुळगुळीत गालांनी बसलेला बघून त्याचाही जीव थोडा हलला होता.

बाई खुर्ची ओढून अण्णांच्या समोर बसल्या. "अण्णा, तीन महिन्यांचा प्रश्न आहे. आमच्याकडे बोलण्याचे व्यायाम आहेत, हाताचे आहेत. पण तुमच्या मनाविरुद्ध आम्ही कुणाला नेत नाही. तुम्हाला घरीच राहायचंय, की केंद्रात जायचंय?"

"जायचं," अण्णा म्हणाले.

मधली हसलीच. "त्यांचं उलटं असतं," ती घाईघाईनं म्हणाली. "जा म्हणजे ये, वर म्हणजे खाली. सकाळपासून तेच चाललंय. विचारा यांना. जायचं म्हणजे राहायचं."

"स्पष्ट म्हणाले ते," थोरला म्हणाला. "प्रत्येक वेळी उलटं नसतं. तू तुला हवं तेव्हा उलटं करतेस."

"आणि तू तुला हवं तेव्हा सुलटं!"

"मी हे काय लिहू?" बाईंनी पेन वर धरलं.

आणि सगळे भिंगवाल्याकडे बघायला लागले. तीन चिरा पडलेला, उघडा, गार लागणारा चेहरा घेऊन तो भिंतीशी उभा होता. तिथून कुठं जायला वाव नव्हता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला कळतं," मधली म्हणाली. "मघाशी कळत होतं. सांगा ना."

तिला काय ऐकायचंय ते त्याला ठाऊक होतं. 'राहायचं' एवढा एकच शब्द बोलायचा होता. त्यानं कुणाचं नुकसान झालं असतं असंही नाही. तो पुढे झाला, खुर्चीपुढे बसला आणि अण्णांच्या डाव्या गालावर तळवा ठेवला, दुपारी ठेवला होता तसाच.

"अण्णा, घरी राहायचं?"

तळव्याखाली जबडा आवळला गेला. गाठ आली.

आपल्याला चुकीचं लागलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं थोडा वेळ जाऊ दिला. "केंद्रात जायचं?"

गाठ सुटली. गाल हातात सैल पडला, झोपलेल्या माणसाचा पडावा तसा.

मागे मधली श्वास धरून उभी आहे हे त्याला न बघता कळत होतं.

"मला वाटतं," तो म्हणाला, "त्यांना जायचंय. वाटतं म्हणतोय. नक्की नाही."

"काय?" मधली म्हणाली. मग अण्णांसमोर येऊन, "का? आमचं काय चुकलं, अण्णा? मी आहे ना इथं!"

अण्णांनी डावा हात लांब केला. शेजारी आई उभ्या होत्या, त्यांचं मनगट त्यांनी पकडलं आणि पोलक्याची लांब बाही कोपरापर्यंत वर सारली. आईंनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण डाव्या हाताची ताकद सकाळी सगळ्यांनी पाहिलीच होती. मनगटापासून कोपरापर्यंत निळे, हिरवे, पिवळे डाग होते. काही जुने, काही कालचे. उठवताना, बसवताना, कूस बदलताना घट्ट धरलेल्या अण्णांच्या बोटांचे.

"दार लागलं होतं," आई म्हणाल्या.

"तेवीस दिवस?" धाकटी म्हणाली. ती पुढे आली आणि दुकानात गिऱ्हाइकाचा हात तपासावा तसा आईचा हात तपासायला लागली, आणि मध्येच तिला रडू फुटलं.

थोरला मटकन खाली बसला. "एवढी घाई नको करायला," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू. मी रजा काढतो. मी राहतो इथं." केंद्र शोधून काढणारा तोच, आणि आता तोच नको म्हणत होता.

"तुझी रजा राहू दे," आई म्हणाल्या. त्यांनी बाही खाली ओढली. आवाज अजिबात हलला नाही. "तीन महिने जाऊ दे त्यांना. लिहा बाई."

*

मधली मागच्या गॅलरीत गेली होती. भिंगवाला तिच्यामागून गेला. खाली, कुंपणाच्या कडेला, सकाळचं मशीन दोन तुकडे होऊन पडलेलं दिसत होतं.

"'राहायचं' म्हणाला असतात तर काय झालं असतं?" ती म्हणाली.

"काही नाही."

"मग?"

"हातात आलं ते सांगितलं. नसेलही खरं."

"नसेलही खरं! मग सांगितलंत कशाला?" ती वळली आणि त्याच्या नव्या चेहऱ्याकडे रागानं बघत राहिली. "आणि तुमची हनुवटी अशी आहे हे मला कधी सांगितलंही नाहीत."

"अशी म्हणजे कशी?"

ती उत्तर देणार तोच आतून अण्णांची हाक आली. तेवीस दिवसांत त्यांनी कुणालाही बरोबर नावानं हाक मारली नव्हती.

"मधले," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, मोठ्यानं, "जा!"

मधलीनं डोळे पुसले आणि ती पटकन आत गेली. जरासुद्धा थबकली नाही.

भिंगवाला तिथंच उभा राहिला. जा म्हणाले, आणि ती आत गेली, आणि तिनं बरोबरच केलं असणार, कारण आतून पुन्हा हाक आली नाही. म्हणजे जा म्हणजे ये. मग मघाचं 'जायचं'? त्याच्या तळव्याला जे कळलं ते कळलं होतं, का दिवसभराच्या श्रमानं हातच बधिर झाला होता? आणि आईंचे डाग? ते तर खरे होते. ही शंका नंतर गुरुवारी अण्णा गाडीत बसले तेव्हाही त्याच्यासोबत होती. पुढचे तीन महिने दर रविवारी तो वस्तरा घेऊन केंद्रात जायचा, तेव्हाही होती. अण्णा चालत घरी परतले, बरंचसं नीट बोलायलाही लागले, पण त्या दिवशी काय म्हणायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही.

पण त्या रविवारी आत जाऊन सांगावं, थांबा बाई, लिहू नका, असं त्याच्या फार मनात आलं. तो दारापर्यंत गेला.

मधली खाली जमिनीवर बसली होती आणि तिचं डोकं बापाच्या मांडीवर होतं. बाईंनी फाइल मिटली होती. अण्णा डाव्या हातानं स्वतःचा गाल चाचपत होते. हनुवटीपासून वर, सावकाश, उलट हातानं, एकेक जागा. कानाच्या पाळीखाली बोट थांबलं. तिथं चार खुंट राहून गेले होते. त्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं, आणि बोट तिथंच ठेवलं.

"चूक," ते म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला.

भिंगवाल्यानं विचारलं, "कुठली, अण्णा?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. डावा गाल किंचित हलला.

तो परत गरम पाणी ठेवायला गेला.